मोसंबीबाईंचा सेंट

ताईंच्या सेंटचा वास बिघडलाय हे ताईंना सांगायचं कुणी, या एका प्रश्नात आमच्या घरातला अख्खा उन्हाळा गेला.

ताई म्हणजे माझी थोरली नणंद. आमचं ड्रायव्हिंग स्कूल आहे. दोन गाड्या, रस्त्याला लागून एक ऑफिस, भिंतीवर रहदारीच्या खुणांचे तक्ते आणि दारात दोन कुंड्या. गाडी मागे घेताना शिकणाऱ्यांपैकी कुणीतरी त्या फोडतं आणि आम्ही नवीन आणतो. एका गाडीवर माझा नवरा शिकवतो, दुसरीवर ताई. मी ऑफिसात बसते, फोन घेते, कुणाला कधी बोलवायचं ते ठरवते आणि परीक्षेत नापास होऊन आलेल्यांना आधी पाणी देते.

ताई ऑफिसच्या वरच्या मजल्यावर एकट्या राहतात. त्यांचं लग्न झालं होतं, ते लवकरच मोडलं. का मोडलं हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. त्या भावाकडे आल्या, काही दिवस गप्प बसून राहिल्या आणि मग एका सकाळी म्हणाल्या, मला गाडी शिकव. त्याने शिकवली. वर्षभरात त्या त्याच्यापेक्षा चांगलं शिकवायला लागल्या. हे तो स्वतः सांगतो, फक्त त्यांच्यासमोर सांगत नाही.

ताईंचा सेंट मी या घरात आले तेव्हापासूनचा. दोन फवारे कॉलरवर, एक मनगटावर, आणि मग गाडीच्या काचा बंद. संत्र्याची साल सोलताना जो बारीक फवारा उडतो ना, तसा वास, त्याच्यामागे थोडं लिंबू. गाडीत बसलेल्या माणसाला वाटायचं, आपण बागेत आलोय. शिकणाऱ्यांनी त्यांचं नाव मोसंबीबाई ठेवलं होतं. आमच्याकडे शिकून गेलेल्या एका बाईंनी मला सांगितलं होतं की अजूनही घरात लिंबू कापलं की त्यांचा डावा पाय आपोआप क्लच शोधतो.

त्या वासामुळे लोकांचा ताईंबद्दल मोठा गैरसमज व्हायचा. एवढा मोकळा, हसरा वास लावणारी बाई स्वभावानेही तशीच असणार, असं धरून माणूस गाडीत बसायचा. ताई बोलायच्या मोजकं. "आरसा." "गिअर." "थांबा." कुणाला कधी ओरडल्या नाहीत आणि कुणाचं कधी कौतुक केलं नाही. फारच छान चालवली तर "ठीक." दिवसाच्या शेवटी त्यांनी एखाद्याला "ठीक" म्हटलं असेल तर तो माणूस मला ऑफिसात येऊन सांगायचा. एकदा एका शिवणकामवाल्या बाईंचा फोन आला, त्या हसऱ्या मॅडम आहेत ना, ज्यांच्या गाडीत छान वास येतो, मला त्यांच्याकडेच शिकायचंय. मी म्हटलं, वासवाल्या मॅडम सकाळी मोकळ्या आहेत, हसऱ्या आमच्याकडे नाहीत.

शिवाय ताईंची एक सवय होती. त्या रस्त्याकडे कमी आणि शिकणाऱ्याच्या तोंडाकडे जास्त बघायच्या. टक लावून, अगदी जवळून. बँकेतल्या एका साहेबांनी माझ्याजवळ तक्रार केली होती की त्यांच्या पोटाचं ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरनेही त्यांच्याकडे इतकं निरखून पाहिलं नव्हतं. पण त्यांच्या हाताखालची माणसं पास व्हायची, त्यामुळे तक्रारी तिथेच विरायच्या.

सेंटच्या खोक्यावर छापलेलं होतं की हा सुगंध उत्साही, मनमोकळ्या आणि मनात येताच सहलीला निघणाऱ्या स्त्रीसाठी आहे. माझ्या नवऱ्याने एकदा ते मोठ्याने वाचून दाखवलं. ताई म्हणाल्या, "माझ्याकडे ते खोकं रद्दीत जातं."

मागच्या वर्षी थंडी संपता संपता दुकानदाराने ताईंना सांगितलं की कंपनीने हा सेंट बंद केलाय. ताईंनी दुकानात होत्या तेवढ्या सगळ्या बाटल्या घेतल्या आणि वर नेऊन खिडकीच्या कट्ट्यावर ओळीने मांडून ठेवल्या. खिडकी पश्चिमेची. दुपारपासून दिवे लागेपर्यंत त्या बाटल्या उन्हात. मी वर गेले की त्या सोनेरी चमकताना दिसायच्या आणि मला वाटायचं, किती छान दिसतात.

वास बदलला तो हळूहळू. आधी मला वाटलं, कुणीतरी नुकतीच फरशी पुसलीय. पुढे वाटायला लागलं, फरशी पुसायचं फडकं बादलीत तसंच राहिलंय. उन्हाळा भरात आला तेव्हा त्यात रॉकेल होतं, जुनं खोबरेल होतं आणि तळाशी कुठेतरी अजून संत्रं होतं, आणि ते संत्रंच सगळ्यात वाईट होतं.

शिकणाऱ्यांना एकेक आजार व्हायला लागले. कुणाला एसी सोसेना, कुणाला काच उघडी लागायची, एका शिक्षिकेला अचानक धुळीची ॲलर्जी झाली आणि ती तोंडाला रुमाल बांधून यायला लागली. मग हळूच मला विचारायचे, सरांच्या गाडीवर जागा आहे का. नवऱ्याच्या वेळा सकाळपासून भरून गेल्या आणि ताई दुपारी ऑफिसात माझ्यासमोर बसून रहदारीच्या तक्त्यांकडे बघायला लागल्या.

नवरा म्हणाला, तू सांग, बायकांच्या गोष्टी आहेत. मी म्हटलं, बहीण तुझी. तो म्हणाला, तिने मला लहानपणी मारलंय. मी म्हटलं, आता नाही मारणार. त्याला तेवढी खात्री नव्हती. आम्हाला सगळ्यात नवल याचं वाटायचं की त्यांना स्वतःला कसं कळत नाही. नवऱ्याचं म्हणणं पडलं की रोजचा वास नाकाला कळेनासा होतो. माझं म्हणणं होतं की त्यांना कळतंय, पण एवढ्या बाटल्या घेऊन ठेवल्यात, त्या संपवायच्या म्हणून त्या हट्टाने लावतायत. ताईंचा स्वभाव बघता हे अगदी शक्य होतं.

याच दिवसांत ताईंनी क्लचचं काढलं. त्यांच्या गाडीची क्लचप्लेट जळतेय असं त्यांचं म्हणणं होतं. गॅरेजवाल्याने प्लेट बदलली. पुढच्याच आठवड्यात त्या म्हणाल्या, परत बघ. त्याने परत उघडून पाहिली, नवी कोरी होती. ताई म्हणाल्या, "मग दुसरं काहीतरी आहे." ही संधी बघून माझा नवरा त्यांना ऐकू जाईल अशा बेताने गॅरेजवाल्याला म्हणाला की गाडीत कसलातरी वास येतोय, एसीत उंदीरबिंदीर मेलाय का बघ. त्याला वाटलं, ताईंना इशारा पोचेल.

ताईंना उंदीर पटला. त्यांनी एक दिवस गाडी बंद ठेवली, गॅरेजवाल्याला डॅशबोर्ड काढायला लावला आणि स्वतः त्याच्या डोक्यावर उभ्या राहिल्या. त्याने सगळं काढलं. लहान मुलाचा एक मोजा निघाला, केसांची क्लिप निघाली, कुणाचातरी चष्मा निघाला. उंदीर निघाला नाही. गॅरेजवाला नाकाला बाही लावून ताईंकडे आणि माझ्या नवऱ्याकडे आळीपाळीने बघत होता. त्याला उंदीर कुठे आहे ते केव्हाच कळलं होतं. ताई म्हणाल्या, नीट बघ. त्याने नीट बघितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पहिल्या शिकणाऱ्याला विचारलं, गेला का वास. तो हो म्हणाला. ताईंनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि गाडी परत गॅरेजला नेली.

अनाउन्सर आमच्याकडे आले ते असे ऐन वेळी. रेल्वे स्टेशनवर त्यांनी जन्मभर घोषणा केलेल्या होत्या. गाडी उशिरा येत आहे, गाडी दुसऱ्या फलाटावर येत आहे, गाडी रद्द झाली आहे. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. घरात गाडी होती, पण ती बायको चालवायची. बायको गेल्या पावसाळ्यात वारली आणि गाडी दारात तशीच उभी होती. हे सगळं त्यांनी मला पहिल्याच दिवशी, एका सुरात, कुठेही न थांबता सांगितलं. बायको वारली हे त्यांनी ज्या आवाजात सांगितलं त्याच आवाजात पुढे विचारलं की चहा कुठे मिळेल. मला आधी विचित्र वाटलं. पुढे लक्षात आलं की इतकी वर्षं हजारो वैतागलेल्या माणसांना वाईट बातम्या द्यायच्या, तर आवाजात आणि चेहऱ्यावर काही ठेवून चालत नाही. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरच काही उमटायचं नाही. पुढे एकदा माझ्या हातून गरम चहा त्यांच्या मांडीवर सांडला, तेव्हा ते म्हणाले, "चहा सांडला आहे."

नवऱ्याच्या गाडीवर जागाच नव्हती, म्हणून मी त्यांना ताईंकडे दिलं. देताना मला वाईट वाटलं. पण ते रोज वेळेवर यायचे, तासभर गाडीत बसायचे आणि काही न बोलता घरी जायचे. काच उघडा म्हणाले नाहीत, रुमाल लावला नाही. आम्हाला वाटलं, यांनाही नाक नाही.

पुढचं मला थोडं ताईंनी सांगितलं आणि थोडं अनाउन्सरांनी. दोघांच्या सांगण्यात फारसा फरक नाही, कारण दोघंही कमीच सांगतात.

हॉस्पिटलच्या मागे एक चढ आहे. तिथे आम्ही चढावर गाडी उचलायला शिकवतो. अर्धा क्लच धरायचा, हळूहळू ॲक्सिलरेटर द्यायचा, हँडब्रेक सोडायचा. नवीन माणूस घाबरून क्लच अर्ध्यावर धरूनच ठेवतो आणि प्लेट खरोखर जळायला लागते. त्या सकाळी अनाउन्सरांनी तो तसाच धरून ठेवला. ताई नेहमीसारख्या त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. तोंडावर काही नव्हतं. त्या म्हणाल्या, परत. त्यांनी परत केलं. ताई म्हणाल्या, अजून एकदा. असं चालू असताना समोरून येणारी एक नर्स हात हलवून काहीतरी सांगायला लागली. ताईंनी पुढे बघितलं तर बॉनेटच्या खालून धूर येत होता.

दोघं खाली उतरले. ताईंनी बॉनेट उघडलं, पाहिलं आणि गॅरेजवाल्याला फोन केला. मग दोघं फुटपाथच्या कठड्यावर बसून राहिले.

अनाउन्सर म्हणाले, "जळल्याचा वास मघापासून येत होता."

ताई म्हणाल्या, "मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, तुम्हालाही येत असणार. शिवाय या गाडीत मी आलो त्या दिवसापासून वास आहे. तो तुमच्या सेंटचा. सेंट खराब झालेला आहे. हा वास त्याच्याहून वेगळा होता, पण मी नवीन आहे, चढावर असाच येत असेल असं धरून चाललो."

मग ताईंनी जी गोष्ट सख्ख्या भावाला सांगितली नव्हती, स्वतःच्या नवऱ्याला सांगितली नव्हती, ती त्या माणसाला सांगितली. म्हणाल्या, "मला वास येत नाही. कसलाच येत नाही."

अनाउन्सरांनी विचारलं, कधीपासून. ताई म्हणाल्या, लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षापासून. ताप आला होता, ताप गेला आणि जाताना नाक घेऊन गेला. मग दोघं गॅरेजवाल्याची वाट बघायला लागले. अनाउन्सरांनी तेवढं एकच वाक्य मध्ये टाकलं की त्यांच्या बायकोला शेवटी शेवटी चव लागत नव्हती, आणि तीही कुणाला सांगायची नाही.

ताई ऑफिसात आल्या तेव्हा मी फोनवर होते. त्या वर गेल्या, एक बाटली घेऊन खाली आल्या आणि माझ्यासमोर ठेवली. मी फोन ठेवला. त्यांनी बाटलीचं झाकण काढलं आणि म्हणाल्या, "वास घे."

मी घेतला.

"कसा आहे?"

"छान आहे," मी म्हटलं. इतक्या महिन्यांची सवय.

त्या माझ्याकडे बघत होत्या, शिकणाऱ्यांकडे बघतात तशाच. म्हणाल्या, "तुझं तोंड बघ आरशात." आणि मग त्यांनी मलाही सांगितलं. माझा नवरा दारात उभा होता, त्यानेही ऐकलं.

सासरी ताप उतरल्यावर पहिल्या काही दिवसांतच त्यांनी पाहुण्यांना आंबलेली भाजी वाढली होती. मग एकदा पातेलं करपून घरभर धूर झाला आणि त्या शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होत्या. सासू म्हणाली, मुलगी निष्काळजी आहे. त्यांच्या नवऱ्यानेही तेच धरलं. ताईंनी विचार केला की आजारी ठरण्यापेक्षा निष्काळजी ठरलेलं बरं, आणि तसंच राहू दिलं. पुढे ते एवढं वाढलं की लग्नच गेलं. इकडे आल्यावर त्यांना सांगायचं होतं, पण तेवढ्यात गाडी शिकवायला सुरुवात झाली. पेट्रोल गळतंय, वायर जळतेय, क्लच जळतोय, हे ज्याला नाकाने कळत नाही त्याच्या शेजारी नवीन माणसाला कोण बसू देईल. म्हणून त्यांनी दुसरा रस्ता काढला. शिकणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं. त्याचं नाक आक्रसलं की गाडीत काहीतरी जळतंय. इतकी वर्षं ती युक्ती एकदाही चुकली नव्हती. या उन्हाळ्यात मात्र गाडीत बसणारा प्रत्येक माणूस नाक आक्रसायला लागला. म्हणून क्लच, म्हणून परत क्लच, म्हणून उंदीर. आणि पुढे असा माणूस आला, ज्याचं नाक कशालाच आक्रसत नव्हतं.

"आणि सेंट?" मी विचारलं.

स्वतःला वास येत नाही, म्हणजे आपल्या अंगाला येत असला तरी कळणार नाही, या भीतीने तो सुरू केला होता. दुकानातल्या मुलीला सांगितलं होतं, कुणालाही त्रास होणार नाही असा दे. तिने दिला. कसला आहे हे विचारायचं राहिलं, आणि पुढे विचारायची लाज वाटली. "गुलाब असेल असं मी धरून चालले होते," ताई म्हणाल्या.

माझा नवरा म्हणाला, "ताई, संत्रं आहे. लोक तुला मोसंबीबाई म्हणतात, ते कशावरून वाटलं तुला?"

ताई म्हणाल्या, "मी त्यांना पिळून काढते म्हणून."

त्यांना ते नाव आवडायचं, हे त्यांनी सांगितलं नाही, पण मला दिसलं. खोक्यावरचा मजकूरही त्यांनी वाचलेला होता. सुरुवातीच्या आठवड्यात त्यांनी त्याप्रमाणे वागूनही पाहिलं होतं. सेंट मनमोकळा आहे, तर लोकांना तो आणि आपण विसंगत वाटायला नको, म्हणून त्यांनी एका शिकणाऱ्याला विनोद सांगितला. तो हसला आणि गाडी विजेच्या खांबावर गेली. तेव्हापासून सोडून दिलं.

माझ्या नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला तो तरातरा वर गेला आणि ताईंच्या स्वयंपाकघरात गॅसच्या नळीजवळ नाक नेऊन हुंगायला लागला. मग त्याने फ्रिज उघडला, दूध हुंगलं, डाळीचं भांडं हुंगलं, मोरीही हुंगली. त्या दिवसापासून तो दिवसातून किती वेळा वर जायचा ते विचारू नका. ताई जेवायला बसल्या की हा दारात, आणि आधी ताट हुंगणार. ताई शेवटी मला म्हणाल्या, "याच्यासाठीच सांगितलं नव्हतं." मी गॅस गळला की वाजणारं एक यंत्र आणून त्यांच्या भिंतीला लावलं. ते फोडणी दिली तरी वाजतं, पण निदान नवरा खाली राहतो.

खराब झालेल्या बाटल्या ताईंनी स्वतः मोरीत ओतल्या. त्यानंतर काही दिवस आमच्या इमारतीतला एकही डास जिवंत नव्हता. गाडीला आता नुसता गाडीचा वास यायला लागला. शिक्षिकेची ॲलर्जी बरी झाली. ताईंच्या वेळा परत भरल्या. बदल एवढाच की त्या आता पहिल्याच दिवशी माणसाला सांगतात, "मला वास येत नाही. काही जळल्यासारखं वाटलं तर बोलायचं. लाजायचं नाही." मला धास्ती होती की हे ऐकून लोक पळतील. कुणी पळालं नाही. उलट गाडीत बोलणं वाढलं. बँकेतल्या साहेबांची मुलगी शिकायला आली, ती तर रस्ताभर सांगायची, आता पावाचा वास आला, आता गटाराचा, आता पुढच्या ट्रकमध्ये कांदे आहेत. ताई ऐकून घ्यायच्या आणि मध्येच म्हणायच्या, "आरसा."

अनाउन्सर पहिल्या परीक्षेत नापास झाले, दुसऱ्या वेळी पास झाले. दोन्ही बातम्या त्यांनी मला सारख्याच सांगितल्या, त्यामुळे दुसऱ्या वेळीही मी आधी पाणी दिलं. नंतर ते रविवारी स्वतःची गाडी घेऊन यायला लागले. बायकोची गाडी चालवताना शेजारी कुणी माहितगार असलेलं बरं, असं कारण होतं. ताई शेजारच्या सीटवर बसतात, तिथे त्यांच्या पायाशी ब्रेक नाही, तरी त्यांचा पाय वळणावर दाबला जातो. ते कुठे जातात हे मला माहीत नाही. नवऱ्याने एकदा विचारलं, तर ताई म्हणाल्या, "सरळ." त्याने पुढे विचारलं नाही.

थंडीच्या सुरुवातीला ताई मला म्हणाल्या, सेंट घ्यायचाय, चल. मी म्हटलं, आता कशाला, आता तर सगळ्यांना माहीत आहे. त्या म्हणाल्या, "तेव्हा घाबरून लावत होते. आता लावून बघायचाय." अनाउन्सरांनी आम्हाला दोघींना गाडीतून नेलं. गाडी लावायला त्यांना इतका वेळ लागला की तोवर आम्ही दुकानात जाऊन बसलो होतो.

दुकान मोठं होतं. काचेची कपाटं, पांढरे दिवे, आणि काळ्या कपड्यांतली एक मुलगी. तिने ताईंना विचारलं, तुमचा स्वभाव कसा आहे, त्यावरून आपण सेंट ठरवू.

ताई म्हणाल्या, "स्वभाव ठरलेला आहे. तुम्ही सेंट दाखवा."

ती कागदाच्या पट्ट्यांवर फवारून द्यायला लागली. ताई प्रत्येक पट्टी आधी माझ्या नाकाखाली धरायच्या आणि माझ्या तोंडाकडे बघायच्या. मी कितीही सरळ तोंड ठेवलं तरी त्या बाजूला ठेवायच्या. मग त्यांनी पट्ट्या अनाउन्सरांना द्यायला सुरुवात केली. त्यांच्या तोंडावरून काही कळण्यासारखं नव्हतं, पण ते सांगायचे. हे नवीन लाकडी कपाट आहे. हा साबण आहे, महागातला. ही फुलं आहेत, पण ती कालची. हा डॉक्टरांचा दवाखाना आहे. दुकानातली मुलगी त्यांच्याकडे बघतच राहिली होती. एक पट्टी त्यांनी जरा जास्त वेळ धरली आणि म्हणाले, "हे संत्रं आहे. साल काढतानाचं. थोडं कडू आहे."

ताईंनी ती पट्टी त्यांच्या हातातून घेतली आणि स्वतःच्या नाकाशी धरली. मी म्हटलं, "ताई, काही आलं का?"

"नाही," त्या म्हणाल्या. "पण संत्रं मला आठवतं. शाळेच्या डब्यात असायचं, नखं पिवळी व्हायची. बाकी सगळं तुम्ही सांगाल ते मानायचं. हा लावला की कसा आहे ते मला मनातल्या मनात कळेल."

मुलगी म्हणाली की हा तरुण मुलींचा सेंट आहे, कॉलेजच्या मुली घेतात, तुम्हाला थोडा गंभीर दाखवू का. ताई म्हणाल्या, त्यांची हरकत नसेल तर माझीही नाही. त्यांनी सगळ्यात लहान बाटली घेतली. मुलीने मग सांगितलं की संत्र्या-लिंबाचे सेंट ऊन आणि उष्णता सोसत नाहीत, कपाटात अंधारात ठेवा. ताईंनी मान डोलावली. बाहेर आल्यावर माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हे त्या पहिल्या दुकानदाराने सांगितलं असतं तर उंदीर शोधावा लागला नसता."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या खाली आल्या, कॉलर सारखी केली आणि माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. विचारलं, कसा आहे. मी तोंड सरळ करायला लागले आणि मग थांबले. म्हटलं, "ताई, खरं सांगू? मला नाही आवडला. सालीचा कडूपणा फार आहे त्यात, जुना बरा होता."

त्यांनी माझं बोलणं पूर्ण ऐकून घेतलं. गाडीची किल्ली खिळ्यावरून काढली.

"तुला लावायला आणलेला नाही," त्या म्हणाल्या आणि पहिल्या शिकणाऱ्याला घेऊन गेल्या.